टाक्यांची बाळंतीण

सिझेरियन प्रसूतीला मराठी घरांत नुसते ‘सिझर’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि बाळाच्या जन्माची बातमी कळताच ‘मुलगा की मुलगी’च्या पाठोपाठ येणारा ‘नॉर्मल की सिझर’ हा प्रश्न बाळंतपणांची दोन वेगळ्या खात्यांत वाटणी करून टाकतो. ही वाटणी फसवी आहे. सिझर झालेली स्त्री बाळंतीण असतेच. तिच्या गर्भाशयाला मूळ आकारावर यायला तितकेच आठवडे लागतात, तिला दूध त्याच संप्रेरकांमुळे उतरते आणि तिच्या वाट्याची जागरणे इतर कोणत्याही बाळंतिणीपेक्षा कमी नसतात. मात्र त्याच वेळी ती पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेली रुग्णही असते. रुग्णालय तिच्याकडे टाक्यांच्या बाजूने पाहते, घर तिच्याकडे बाळंतिणीच्या बाजूने पाहते, आणि पित्ताशयाचे ऑपरेशन झालेल्या माणसाला जी विश्रांती कोणी न मागता मिळते ती तिला मिळत नाही, कारण तिच्या कुशीत दर दोन-अडीच तासांनी दूध मागणारे मूल असते. सिझेरियनची पूर्वतयारी काय आणि त्यानंतरची शुश्रूषा काय, दोन्ही ठिकाणी मुख्य काम या दोन भूमिकांची सांगड घालण्याचे आहे.

ही सांगड आता अपवादात्मक स्त्रियांपुरती उरलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत, म्हणजे २००५-०६ मध्ये, भारतातील ८.५ टक्के जन्म सिझेरियनने झाल्याची नोंद होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण २१.५ टक्क्यांवर गेले, महाराष्ट्रात ते २५.४ टक्के आणि गोव्यात ३९.५ टक्के भरले. देशभरच्या सरकारी रुग्णालयांतील प्रसूतींमध्ये सिझेरियनचा वाटा १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली दहा ते पंधरा टक्के हे प्रमाण पुरेसे मानले होते आणि २०१५ मध्ये असे स्पष्ट केले, की एखाद्या लोकसंख्येत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्याने माता व नवजात बालकांचे मृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत. खासगी आणि सरकारी आकड्यांमधली ही दरी निव्वळ वैद्यकीय कारणांनी भरून निघत नाही, हे उघड आहे. तरीही सरासरीचा आकडा एखाद्या विशिष्ट स्त्रीला सिझर लागेल की नाही हे सांगू शकत नाही, आणि शहरातील अनावश्यक सिझेरियनच्या चर्चेत दुर्गम पाड्यावरच्या बाईला ते वेळेवर न मिळण्याचा प्रश्न झाकला जातो.

या शस्त्रक्रियेचा इतिहास बराचसा मृत्यूचा इतिहास आहे. जूलियस सीझर असा जन्मला म्हणून हे नाव पडले, ही समजूत टिकणारी नाही, कारण त्याची आई ऑरेलिया मुलगा कर्ता होईपर्यंत हयात होती आणि त्या काळी पोट फाडल्यावर स्त्री जगणे जवळजवळ अशक्य होते. सुश्रुतसंहितेतला उल्लेखही मरण पावलेल्या गर्भवतीच्या कुशीत हालचाल दिसल्यास शल्यवैद्याने मूल काढावे, असा आहे. आई वाचवण्याच्या दृष्टीने खरी वाटचाल एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झाली. १८७६ मध्ये इटलीतील पाव्हिया येथे एदुआर्दो पोर्रो यांनी रक्तस्राव थांबवण्यासाठी मुलाबरोबर गर्भाशयही काढून टाकले, तर १८८२ मध्ये जर्मनीचे माक्स सेंगर यांनी गर्भाशय नीट शिवून जागच्या जागी ठेवण्याची पद्धत मांडली. पुढे विसाव्या शतकात गर्भाशयाच्या वरच्या जाड, सतत आकुंचन पावणाऱ्या भागाऐवजी खालच्या पातळ भागावर आडवा छेद घेण्याची रीत रूढ झाली. तिथे रक्त कमी जाते आणि जखम पुढील गरोदरपणात फाटण्याचा धोका बराच कमी असतो. आज होणारी बहुतेक सिझेरियन याच प्रकारची असतात. यात एक बारकावा आहे. पोटाच्या कातडीवरचा वण आडवा दिसला म्हणून आतल्या गर्भाशयावरचा छेदही आडवाच असेल असे नाही, आणि पुढच्या बाळंतपणात महत्त्व असते ते आतल्या छेदाला.

शस्त्रक्रियेची निकड सर्व प्रसंगी सारखी नसते आणि तयारीला मिळणारा वेळ त्या निकडीवर ठरतो. वैद्यक व्यवहारात तिच्या चार श्रेणी मानतात. पहिल्या श्रेणीत आई किंवा बाळ यांच्या जिवाला तत्काळ धोका असतो, उदाहरणार्थ नाळ बाळाच्या आधी योनीमार्गात उतरणे किंवा वार, म्हणजे गर्भाला रक्त पुरवणारा अवयव, वेळेपूर्वी सुटून रक्त जाऊ लागणे. अशा वेळी निर्णयापासून साधारण तीस मिनिटांत बाळ बाहेर यावे अशी अपेक्षा असते. चौथ्या श्रेणीत तारीख आधी ठरलेली असते, जसे वार गर्भाशयाच्या तोंडावरच असणे, बाळ आडवे असणे किंवा आधीची दोन-तीन सिझर झालेली असणे. मधल्या दोन श्रेणींत कळा सुरू होऊनही प्रसूती पुढे न सरकणे, बाळाचे ठोके बिघडू लागणे, आईचा रक्तदाब धोकादायक पातळीवर जाणे अशी कारणे येतात. ‘नाळ गळ्याभोवती आहे’ हे सोनोग्राफीनंतर नातेवाइकांमध्ये सर्वाधिक भीती पसरवणारे वाक्य असले, तरी साधारण चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याभोवती जन्मताना नाळेचा वेढा असतो आणि तेवढ्यावरून सिझर ठरत नाही. कारणे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे.

तारीख ठरवता येते म्हटल्यावर पंचांग उघडले जाणेही ओघानेच आले. मुहूर्त पाहून सिझर करण्याची हौस आपल्याकडे चांगलीच रुजली आहे, आणि तिच्यात खरी अडचण ग्रहांची नसून आठवड्यांची असते. वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी केलेल्या सिझेरियनमध्ये बाळाला जन्मानंतर धाप लागण्याचे आणि त्यासाठी अतिदक्षता विभागात ठेवावे लागण्याचे प्रमाण वाढते. गर्भात असताना फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. शेवटच्या दिवसांत आणि विशेषतः कळांच्या काळात शरीरातील संप्रेरके तो द्रव शोषून घेण्याची व्यवस्था करतात, आणि कळांशिवाय, तेही लवकर, बाहेर आलेल्या बाळाला ते काम हवेत आल्यावर पुरे करावे लागते. ३९ आठवड्यांनंतरच्या दिवसांतून एखादी सोयीची वेळ निवडली तर डॉक्टरांचीही सहसा हरकत नसते.

पूर्वतयारीचा सर्वांत महत्त्वाचा भाग शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीचा नसून त्याआधीच्या तीन-चार महिन्यांचा असतो, आणि त्याचे नाव रक्त. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात. पाचव्या फेरीच्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ४५.७ टक्के गरोदर स्त्रिया त्या रेषेखाली आढळल्या. सिझेरियनमध्ये अर्धा ते एक लिटर रक्त जाणे नेहमीच्या मर्यादेतले समजले जाते. ज्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ आहे तिचे शरीर हा खर्च पेलते, परंतु आठवर असलेल्या स्त्रीला तोच खर्च बाहेरून रक्त घ्यायला लावू शकतो आणि तिची जखम भरणे, अंगात ताकद येणे हे सारे लांबवू शकतो. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते, बद्धकोष्ठ होते, मळमळते, म्हणून त्या डब्यात तशाच राहतात. त्या चहा-दुधाबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर घेणे, मळमळ असेल तर रात्री झोपताना घेणे आणि तरीही सोसत नसतील तर शिरेतून लोह देण्याबद्दल विचारणे, या साध्या गोष्टींनी पुष्कळ फरक पडतो. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणणे याच कोटीतले आहे, कारण वाढलेली साखर जखमेतल्या जंतूंना पोसते.

तयारीचा दुसरा भाग कागदाचा आहे. शस्त्रक्रियेआधी जो संमतीपत्राचा फॉर्म येतो त्यावर नवऱ्याची किंवा वडिलांची सही घेतली की काम झाले, अशी सार्वत्रिक समजूत आहे, पण सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या स्त्रीच्या शरीराबाबत संमती तिचीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या एका निकालात असे सांगितले, की एका शस्त्रक्रियेला दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला लागू होत नाही, जीव वाचवण्यासाठी तातडीने करावी लागणारी कृती एवढाच त्याला अपवाद आहे. सिझेरियनच्या संदर्भात याचा अर्थ सरळ आहे. नसबंदी करायची की नाही, वार पडल्यानंतर लगेच तांबी बसवायची की नाही, हे निर्णय टेबलावर पडलेल्या स्त्रीच्या नातेवाइकांना पडद्याबाहेर बोलावून विचारण्याचे नसतात. ते आठव्या-नवव्या महिन्यातल्या तपासणीत तिने स्वतः, शांतपणे घ्यायचे असतात.

पैशांची बाजू वगळून तयारीचे बोलणे अपुरे राहील. १ जून २०११ पासून सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियन धरून, मोफत असते. औषधे, तपासण्या, लागल्यास रक्त, घरून ये-जा करण्याचे वाहन, आणि नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवस तर सिझेरियननंतर सात दिवस आईचा आहार यांचा त्यात समावेश आहे. ही सात दिवसांची तरतूद बोलकी आहे, कारण शासनाच्या हिशेबातसुद्धा सिझर झालेली बाई दुपटीहून अधिक काळ रुग्णालयात राहते. म्हणून घरच्यांनी माणसांची आखणी तितक्या दिवसांची करावी लागते, आणि त्यात बाळाजवळ एक व बाळंतिणीजवळ एक अशी दोन माणसे धरावी लागतात. एकच माणूस असेल तर रडणाऱ्याकडे लक्ष जाते आणि न रडणारी बाळंतीण उठण्यासाठी हात कोणाचा मागायचा याची वाट पाहत पडून राहते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी उपाशी ठेवण्यामागे अकारण कडकपणा नाही. भूल देताना उलटी होऊन पोटातले आम्ल फुप्फुसात गेले तर ते जिवावर बेतू शकते. म्हणून हलके अन्न सहा तास आधी बंद करतात, मात्र साधे पाणी दोन तास आधीपर्यंत घेण्यास आता सहसा हरकत मानली जात नाही. ओटीपोटावरचे केस घरी ब्लेडने काढण्याची जुनी सवय सोडलेली बरी, कारण ब्लेडने कातडीवर पडणाऱ्या बारीक चिरांतून जंतू शिरतात. केस काढायचेच असतील तर रुग्णालयात यंत्राने कापतात. छेद घेण्यापूर्वी प्रतिजैविकाचे एक इंजेक्शन दिले जाते आणि त्याने जखमेतला व गर्भाशयातला जंतुसंसर्ग लक्षणीय कमी होतो. नेलपॉलिश पुसायला सांगतात तेही बोटाला लावलेल्या यंत्राने रक्तातला प्राणवायू नीट मोजता यावा म्हणून.

बहुतेक सिझेरियन आज कमरेखालच्या भुलेत होतात. स्त्रीला बसवून किंवा कुशीवर वळवून, पाठ मांजरीसारखी वाकवायला सांगून, कमरेच्या मणक्यांमधल्या फटीतून अतिशय बारीक सुईने थोडेसे औषध मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडले जाते. मज्जारज्जू स्वतः कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली टोचली जाते, त्यामुळे तो दुखावण्याची भीती निराधार असते. काही मिनिटांत पाय गरम, मग जड होतात आणि छातीच्या मध्यापर्यंत बधिरता येते. रक्तदाब एकदम उतरून मळमळू शकते, म्हणून उजव्या कुशीखाली उशी देऊन शरीर किंचित डावीकडे कलते ठेवतात, जेणेकरून भरलेल्या गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडत नाही. इथे एक गोष्ट आधी सांगितली तर बरीच घबराट टळते. या भुलेत वेदना जाते, स्पर्श आणि ओढ जात नाही. पोटात कोणी हात घालून चाचपडल्यासारखे वाटते, बाळ बाहेर काढताना वरून जोराचा दाब पडतो, आणि हे जाणवणे म्हणजे भूल उतरली असे नसते. वेदना झाल्यास मात्र ती लगेच मोठ्याने सांगायची असते.

‘सात थर कापतात’ असे घरोघरी बोलले जाते. थर मोजण्याच्या पद्धतीनुसार संख्या बदलते, पण कातडी, चरबी, स्नायूंवरचे चिवट आवरण, पोटाच्या आतले पातळ आवरण आणि शेवटी गर्भाशय असा तो क्रम असतो, आणि पोटाचे उभे स्नायू कापले जात नाहीत, मधल्या रेषेतून दोन्ही बाजूंना सारले जातात. पुढे लवकर चालता येते त्यात या गोष्टीचाही वाटा असतो. बाळ पाच-दहा मिनिटांत बाहेर येते, उरलेला अर्धा-पाऊण तास शिवण्यात जातो. बाळाची प्रकृती ठीक असेल तर नाळ एक मिनिट थांबून कापणे आणि बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवणे शस्त्रक्रियागृहातही शक्य असते, आणि त्याविषयी आधी विचारून ठेवलेले चांगले. टाके घालत असताना अनेक स्त्रियांना हुडहुडी भरते. ती भुलेचा आणि गार खोलीचा परिणाम असते, तापाची नसते.

पहिल्या चोवीस तासांत रुग्णालयाची परिचारिका जे काही करायला सांगते ते घरच्या मायेच्या नेमके विरुद्ध जाणारे वाटते. घर म्हणते, पडून राहा. परिचारिका म्हणते, उठून बसा. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती आधीच वाढलेली असते, त्यात शस्त्रक्रिया आणि पडून राहणे यांची भर पडली की पायाच्या शिरेत गाठ होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका निर्माण होतो, आणि त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पायांची बोटे व घोटे पलंगावरच हलवत राहणे आणि भूल उतरल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी चार पावले चालणे. लघवीची नळी सहसा बारा ते चोवीस तासांत काढतात, आणि ती निघाल्यावर संडासापर्यंतची फेरी हेच पहिले चालणे ठरते.

त्या पहिल्या उठण्याची रीत शिकण्यासारखी आहे. उताणे पडलेल्या स्थितीतून थेट उठून बसण्याचा प्रयत्न केला तर पोटाच्या स्नायूंवर सगळा ताण येतो आणि टाक्यांतून कळ जाते. म्हणून आधी गुडघे वाकवायचे, सबंध शरीर लाकडाच्या ओंडक्यासारखे एका कुशीवर वळवायचे, पाय पलंगाच्या कडेखाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या कोपराने व वरच्या हाताने गादीला रेटा देऊन अंग उचलायचे. पाय खाली जातात तसे धड आपोआप वर येते. मिनिटभर कडेवर बसून चक्कर येत नाही ना हे पाहायचे, मग उभे राहायचे. टाके ओढतील या भीतीने कमरेत वाकून चालणाऱ्या बाईची पाठ दोन दिवसांत धरते, तेव्हा शक्य तितके ताठ चालणे हिताचे असते. खोकला किंवा शिंक येणार असे वाटले की छोटी उशी किंवा घडी केलेला टॉवेल टाक्यांवर दोन्ही हातांनी दाबून धरायचा. या एका युक्तीने खोकल्याची धास्ती निम्मी होते.

सिझरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अनेकींना टाक्यांपेक्षा गॅस अधिक छळतो. आतडी शस्त्रक्रियेनंतर काही काळ सुस्तावतात, पोट फुगते, आणि वारा सरेपर्यंत काही खायला द्यायचे नाही अशी जुनी शिस्त होती. आता काही तासांतच घोट घोट पाणी, मग पेज, वरणभात असे देण्याकडे कल आहे, आणि च्युइंगम चघळल्यानेही आतडी लवकर हलू लागतात, असे आढळले आहे. वेदनाशामक औषधे ‘दुधात उतरतील’ म्हणून नाकारणे हा आणखी एक चुकीचा त्याग. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही नेहमीची औषधे स्तनपानात चालतात, आणि वेदना वाढल्यावर घेण्यापेक्षा पहिले काही दिवस घड्याळ लावून घेतली तर एकूण कमी लागतात. दुखत असलेली बाई चालत नाही, नीट बसून पाजत नाही, खोल श्वास घेत नाही. तिचे सोसणे बाळाच्या उपयोगी पडत नाही.

‘सिझरच्या बाईला दूध येत नाही’ हा समज जितका पसरलेला आहे तितकाच नुकसानकारक आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा घट्ट पिवळसर चीक थोडाच असतो, पण नवजात बाळाचे पोटही तेवढेच असते. भरपूर दूध उतरायला सिझरनंतर थोडा उशीर लागू शकतो, मात्र शेवटी मिळणारे दूध त्याने कमी होत नाही. उशीर खरा होतो तो बाळाला छातीशी लावण्यात, आणि त्या मधल्या वेळात डब्याची पावडर, मधाचे बोट किंवा गुळाचे पाणी शिरकाव करते. बसून पाजताना बाळाचा भार टाक्यांवर येतो म्हणून त्याला काखेखाली, पाय पाठीमागे जातील असे धरणे किंवा आईने कुशीवर आडवे होऊन पाजणे सोयीचे पडते, आणि बाळ उचलून देण्याचे काम दुसऱ्याने करायचे असते.

घरी आल्यानंतरचा सव्वा महिना हा मराठी बाळंतपणाचा परंपरागत विश्रांतिकाळ वैद्यकशास्त्राच्या सहा आठवड्यांशी जवळजवळ तंतोतंत जुळतो, आणि परंपरेतले हे शहाणपण मानलेच पाहिजे. बाळंतिणीला कामाला हात लावू न देणे, तिचे ताट वेगळे आणि ताजे वाढणे, तिची वाट अडवणाऱ्या पाहुण्यांना ‘सोयर आहे’ म्हणून दाराशी थांबवणे, या सगळ्याचा फायदा टाक्यांच्या बाळंतिणीला दुपटीने होतो. डिंकाचे आणि मेथीचे लाडू, अळिवाची खीर यांत लोह, स्निग्धांश व ऊर्जा असते. ते खावेत, फक्त वरण, उसळी, अंडी, दूध, पालेभाजी आणि फळे या रोजच्या अन्नाची जागा त्यांनी घेऊ नये. पाणी कमी पिऊ देण्याची प्रथा मात्र सोडावी लागते. पाण्याने पोट सुटत नाही आणि टाके पिकत नाहीत. उलट पाण्याअभावी शौच कडक होते, आणि कुंथणे ही ताज्या टाक्यांवरची मोठी शिक्षा असते.

शेक-शेगडीच्या बाबतीत परंपरा आणि टाके यांचा थेट सामना होतो. ओवा, बाळंतशेपा, वावडिंग निखाऱ्यावर टाकून दिलेली धुरी बंद खोलीत बाळाच्या नाजूक फुप्फुसांना त्रासदायक असते आणि कोंडलेल्या खोलीतला कोळशाचा धूर प्राणघातकही ठरू शकतो. शिवाय छेदाभोवतीची कातडी कित्येक महिने बधिर राहते, कारण तिथल्या बारीक नसा कापल्या गेलेल्या असतात. अशा जागेवर गरम शेक लागला तर भाजल्याचे कळतही नाही. पोट सोडून हातपाय, पाठ यांना तेल लावायला अडचण नाही, मात्र पोटावर मालिश आणि जखमेवर तेल किंवा हळद नको. ड्रेसिंग साधारण एक-दोन दिवसांनी निघाल्यावर आंघोळ करता येते. साध्या पाण्याने धुवून जखम मऊ कापडाने टिपून कोरडी ठेवायची, आणि पोट लोंबत असेल तर त्या घडीत घाम साचणार नाही याकडे उन्हाळ्यात खास लक्ष द्यायचे. पोट घट्ट बांधल्याने गर्भाशय लवकर आत जात नाही. उठता-बसताना आधार वाटतो म्हणून पट्टा वापरायला काही बिघडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जिने चढणे निषिद्ध नाही, पण भरलेला हंडा, सिलिंडर, ओल्या कपड्यांची बादली किंवा मोठे मूल उचलणे सहा आठवडे टाळायचे असते. ढोबळ नियम असा, की बाळापेक्षा जड ते उचलू नये. ज्या घरात पाणी विहिरीवरून आणावे लागते तिथे हा नियम बाळंतिणीला सांगून भागत नाही, तो घरातल्या पुरुषांना सांगावा लागतो.

‘मणक्यात इंजेक्शन घेतले, त्याची कंबर अजून दुखते’ हे वाक्य बाळंतपणाला दहा वर्षे उलटल्यावरही ऐकू येते. सुईच्या जागी काही दिवस ठणका राहू शकतो. परंतु दीर्घकाळच्या कंबरदुखीचा संबंध त्या सुईशी जोडता आलेला नाही. गरोदरपणात सैल झालेले सांधे, कमकुवत झालेले पोटाचे स्नायू, वाकून पाजणे आणि मांडीवर घेऊन बाळाला न्हाऊ घालणे ही त्याची खरी कारणे असतात, आणि टेकून बसण्याची सवय व पुढे हळूहळू केलेले पोटाचे व्यायाम हा त्यावरचा उपाय असतो. सुईमुळे क्वचित होणारा त्रास वेगळा असून तो डोक्याचा असतो: उठून बसले की डोके फुटायला येते आणि आडवे झाले की थांबते. तसे झाल्यास भूलतज्ज्ञांना कळवायचे, कारण त्यावर परिणामकारक इलाज आहेत.

काही लक्षणांसाठी ठरलेल्या तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नसते. तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव, ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, जखम लाल होऊन पू किंवा पाणी येणे, दुर्गंधीयुक्त स्राव, एकाच पोटरीला सूज आणि दुखणे, अचानक धाप किंवा छातीत दुखणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. तीव्र डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीही थकव्यावर ढकलू नये, कारण गरोदरपणातला रक्तदाबाचा विकार बाळंतपणानंतरही काही आठवडे डोके वर काढू शकतो.

मनाची जखम मात्र ड्रेसिंगखाली दिसत नाही. कळा सोसूनही शेवटी सिझर करावे लागलेल्या स्त्रीला आपण कुठेतरी कमी पडलो असे वाटते, आणि ‘आमच्या वेळी नव्हते हो असे काही’ हे आत्याबाईंचे एक वाक्य ती भावना पक्की करायला पुरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी विनाकारण रडू येणे बहुतेकींना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. ते ओसरले नाही, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, बाळ झोपले असतानाही झोप येत नाही किंवा जीव नकोसा वाटतो असे झाले, तर ते नैराश्य असते आणि त्यावर उपचार होतात. केंद्र शासनाची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे.

सहाव्या आठवड्यातील तपासणीला बाळाच्या लसीकरणाच्या गडबडीत अनेकदा फाटा मिळतो, वास्तविक पुढच्या गरोदरपणाची आखणी तिथेच होते. दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर, निदान दीड-दोन वर्षांनी पुन्हा गरोदरपण असे, राहिले तर गर्भाशयाचा वण भक्कम होतो. ‘एकदा सिझर, कायम सिझर’ हे खरे नाही. आधीचा छेद खालचा आडवा असेल आणि पहिल्या वेळचे कारण पुन्हा नसेल, तर तातडीने शस्त्रक्रिया करण्याची सोय असलेल्या रुग्णालयात नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येतो, आणि असा प्रयत्न करणाऱ्यांपैकी बहुसंख्य स्त्रियांची प्रसूती नैसर्गिक होते. त्यात वण फाटण्याचा धोका साधारण दोनशे स्त्रियांमागे एकीला असतो. दुसऱ्या बाजूला, प्रत्येक वाढत्या सिझरगणिक वार जुन्या वणात रुतून बसण्याचा आणि त्यातून जीवघेण्या रक्तस्रावाचा धोका चढत जातो. दुसऱ्या खेपेला हा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांना दोन गोष्टी कळणे आवश्यक असते: पहिले सिझर कशासाठी केले आणि गर्भाशयावरचा छेद कोणता होता. या दोन ओळी डिस्चार्ज कार्डावर लिहिलेल्या आहेत की नाहीत हे रुग्णालय सोडण्यापूर्वी वाचून पाहायचे, नसतील तर लिहून घ्यायच्या, आणि ते कार्ड बाळाच्या जन्मदाखल्याच्या पिशवीत न ठेवता आईच्या स्वतःच्या कागदपत्रांत, आधारकार्डाशेजारी ठेवायचे.